फुकटचे युनिव्हर्सिटी कोर्स : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांनी काय धरावे, काय सोडावे?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. स्वयं, एनपीटेल (सरकारी ऑनलाइन कोर्स), कोर्सेरा, हार्वर्ड (परदेशी) ही नावे आता खानापूरपासून निपाणीपर्यंत पोरांच्या तोंडी आहेत. खरं त्यातले खरोखर फुकट काय, पैसे कशाला, कॉलेजात मार्क धरतात का, नोकरीला उपयोग होतो का, यावर ज्याच्या कानावर जे पडले ते तो सांगतो. आपल्याकडच्या बहुतेकांचा रस्ता म्हणजे दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. तो डोळ्यापुढे ठेवून माहितगारांनी लिहावे. "छान आहे, करा" एवढ्याने कुणाचे भागत नाही. आकडे, मुदती, कुठे अडते आणि का अडते, हे येऊ दे.

राकसकोप

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो: शिकणे, सर्टिफिकेट आणि क्रेडिट, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे कोर्सचे वजन.

एनपीटेलवर शिकणे पूर्ण फुकट आहे. व्हिडिओ, नोट्स, दर आठवड्याची असाइनमेंट, शंका विचारायला फोरम, सगळे. नाव नोंदवायला पात्रतेची अट नाही; आयटीआयवाला, डिप्लोमावाला, घरी बसून शिकणारी गृहिणी, कुणीही नोंदवावे. सर्टिफिकेट हवे असेल तर सेंटरवर जाऊन कॉम्प्युटरवर परीक्षा द्यावी लागते. तिची फी एका कोर्सला हजार रुपयांच्या घरात असते, एससी, एसटी आणि दिव्यांगांना सवलत मिळते. आणि क्रेडिट धरायचे की नाही हे एनपीटेलच्या हातात नाही, ते तुमचे विद्यापीठ ठरवते.

एनपीटेल २००३ साली सात आयआयटी आणि बेंगळूरूच्या आयआयएससीने मिळून सुरू केले. स्वयं २०१७ साली आले, आणि ते सगळ्यांवरचे छत्र आहे. त्याखाली इंजिनिअरिंगचे कोर्स एनपीटेल बघते, साध्या पदवीचे सीईसी (यूजीसीची शैक्षणिक माध्यमांची संस्था), मॅनेजमेंटचे आयआयएम बेंगळूरू, शिवाय इग्नू आणि इतर. म्हणून "स्वयंचा नियम काय?" असा प्रश्नच चुकीचा पडतो. कोर्सच्या पानावर समन्वयक संस्था कोण ते बघा, नियम तिचा असतो.

सत्रे वर्षाला दोन, एक जानेवारीत आणि एक जुलैत. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे, क्रेडिट अनुक्रमे १, २, ३.

सगळ्यात जास्त पोरे जिथे घसरतात ती जागा सांगतो. कोर्सला नाव नोंदवणे आणि परीक्षेला नाव नोंदवणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कोर्स जॉईन केला, सगळ्या असाइनमेंट भरल्या, आणि परीक्षेचा फॉर्म वेगळा भरून फी भरायची असते हे कळेपर्यंत खिडकी बंद झालेली. ती तारीख कोर्स सुरू व्हायच्या दिवशीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

हिंडलगा

मार्क कसे धरतात? कुणी म्हणतात असाइनमेंट पुरे, कुणी म्हणतात परीक्षाच सगळे.

राकसकोप

दोन्ही लागतात, आणि दोन्हींना वेगवेगळी किमान रेषा आहे. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. १२ आठवड्यांच्या कोर्सला १२ असाइनमेंटपैकी चांगल्या ८ धरतात, ८ आठवड्यांच्याला ६, ४ आठवड्यांच्याला ३.

समजा चांगल्या आठांची सरासरी १०० पैकी ८२ आली. ८२ चे २५ टक्के म्हणजे २०.५. परीक्षेत १०० पैकी ६० पडले, ६० चे ७५ टक्के म्हणजे ४५. बेरीज ६५.५. चाळीसपासून साधे सर्टिफिकेट, ६० पासून एलिट, ७५ पासून एलिट अधिक सिल्व्हर, ९० पासून गोल्ड. म्हणजे हे एलिट झाले.

आता किमान रेषा. असाइनमेंटला २५ पैकी १० आणि परीक्षेला ७५ पैकी ३० हवेतच. एखाद्याला असाइनमेंटचे पैकीच्या पैकी २५ मिळाले आणि परीक्षेचे २८, तर बेरीज ५३ होते. तरी सर्टिफिकेट नाही, कारण २८ ही ३० च्या खाली आहे. टेलिग्रामवरची उत्तरे बघून असाइनमेंट भरणाऱ्यांचा निकाल असाच लागतो. त्या पोरांची सवय २५ मार्कांसाठीच झालेली असते आणि हॉलमध्ये ७५ मार्क समोर येतात.

बारीक बाबी दोन. मुदतीच्या आत असाइनमेंट पुन्हा पुन्हा सबमिट करता येते आणि शेवटचे सबमिशन धरले जाते, म्हणून आधी एकदा भरून टाका, मग सुधारा. मुदत साधारण रात्री ११:५९ ची असते. शेवटच्या अर्ध्या तासावर ठेवू नका, त्याच वेळेला नेमकी लाईट जाते. प्रोग्रॅमिंगच्या काही कोर्सना मार्कांचे सूत्र वेगळे असते, ते कोर्सच्या पानावर दिलेले असते.

टिळकवाडी

व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या पोरांसाठी. २०२२ च्या स्कीममध्ये आठव्या सेमिस्टरचे प्रोफेशनल इलेक्टिव्ह आणि ओपन इलेक्टिव्ह (निवडीचे विषय) ऑनलाइन कोर्समधूनच करायचे ठेवलेत. तिथे "करावा का नको" हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो कोणता आणि कधी.

विद्यापीठ मान्य कोर्सची यादी काढते. यादीत नाव, कोर्स कोड आणि आठवडे तिन्ही जुळले पाहिजेत. नाव तेच, पण प्राध्यापक वेगळे आणि आठवडे ८, असे एनपीटेलवर सर्रास असते. ३ क्रेडिटच्या जागी ८ आठवड्यांचा कोर्स करून आलात तर एक क्रेडिट कमी पडते आणि पुढचे सत्र येईपर्यंत थांबावे लागते. फी भरण्याआधी विभागातल्या समन्वयकाकडून मेलवर होकार घ्या. तोंडी होकार निकालाच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

इतर पदव्यांना, राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजांनासुद्धा, आधार यूजीसीच्या २०२१ च्या नियमांचा आहे. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून घेऊ देण्याची मुभा त्यात आहे. खरं मुभा आहे म्हणून तुमच्या कॉलेजात ती सोय असेलच असे नाही. कोर्स सुरू होण्याआधी लेखी विचारा, संपल्यावर नव्हे.

नावाचे स्पेलिंग. इंग्रजीत आपल्याकडच्या आडनावांची तीन-तीन रूपे चालतात, आधारवर एक, मार्कलिस्टवर एक, बँकेत तिसरे. सर्टिफिकेटवर तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेले नाव छापून येते. एबीसी म्हणजे क्रेडिट बँकेच्या खात्यातले नाव त्याच्याशी जुळले नाही तर क्रेडिट लटकते. आधी आधार आणि मार्कलिस्ट एकसारखी करून घ्या, मग फॉर्म. आणि ईमेल स्वतःचा द्या. कॉलेजने दिलेला मेल पास झाल्यावर बंद पडतो, त्याबरोबर तुमचे सगळे कोर्स जातात.

चव्हाट गल्ली

+१. परीक्षेच्या शहराचा पर्याय भरताना घाई करू नका. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर यातले त्या सत्राला यादीत काय आहे ते बघा आणि सकाळच्या पाळीला पोचता येईल असेच शहर निवडा. पहाटे निघून तीन तास एसटीत उभे राहून तीन तासांचा पेपर देणे सोपे नाही.

घटप्रभा

भाषेबद्दल सविस्तर लिहिते, कारण पोरे इथेच कोर्स सोडतात आणि स्वतःला मठ्ठ समजतात. मठ्ठ नसतात. मराठी माध्यमातल्या पोराला त्वरण माहीत असते, ॲक्सिलरेशन ऐकून ते अडखळते. संवेग येतो, मोमेंटम येत नाही. प्रतिबल-विकृती पाठ असते आणि लेक्चरमध्ये स्ट्रेस-स्ट्रेन आले की हे काहीतरी नवीनच आहे असे वाटते. धडा जुनाच असतो, शब्द तेवढे बदललेले असतात.

उपाय असा. पहिल्या आठवड्याचे व्हिडिओ बघण्याआधी त्यांचे ट्रान्सक्रिप्ट उतरवून घ्या. एनपीटेलच्या साइटवर प्रत्येक कोर्सखाली ते पीडीएफमध्ये मिळते, बऱ्याच कोर्सचे मराठीत आणि कन्नडमध्येही आहे. शंभर पानी वहीला तीन रकाने पाडा: इंग्रजी शब्द, शाळेतला मराठी शब्द, आणि तो ज्या वाक्यात आला ते वाक्य. तिसरा रकाना सोडू नका. नुसते शब्दार्थ पाठ केले तर ते लेक्चरमध्ये कानाला ओळखू येत नाहीत. एका लेक्चरला पंधरा-वीस शब्द निघतात, तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते चार-पाचवर येतात, कारण विषय एकच असला की तेच शब्द फिरून येतात. व्हिडिओचा वेग ०.७५ वर ठेवा. मराठी ट्रान्सक्रिप्ट अर्थ कळायला वापरा, असाइनमेंट मात्र इंग्रजीतूनच सोडवा, कारण पेपर इंग्रजीत येणार आहे.

ज्यांचे इंग्रजी खरोखरच कच्चे आहे त्यांनी थेट १२ आठवड्यांच्या कोर्सला हात घालू नये. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल आधी करावे. दहा-दहा मिनिटांचे छोटे धडे, आवाज मराठीत किंवा कन्नडमध्ये, लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन, सी असे विषय. पद्धत ठरलेली आहे: स्क्रीनच्या एका अर्ध्या भागात व्हिडिओ, दुसऱ्या अर्ध्या भागात सॉफ्टवेअर. ते एक बटण दाबतात, व्हिडिओ थांबवायचा, आपण तेच बटण दाबायचे, मग पुढे. नुसते बघत बसले तर धडा दहा मिनिटांत संपतो आणि हाती काही लागत नाही. करून बघत गेले तर पाऊण तास लागतो, तोच खरा वेळ.

कणकुंबी

आमच्या भागात पावसाळ्यात नेटवर्कच नसते. चार महिने काय करायचे?

राकसकोप

हिशेब घाला. १२ आठवड्यांच्या कोर्सला आठवड्याला साधारण पाच लेक्चर, एकेक अर्ध्या तासाचे, म्हणजे सगळे मिळून ३० तास. ४८० पिक्सेलवर तासाला अर्धा जीबीच्या आसपास जातो, म्हणजे पूर्ण कोर्स १५ जीबी. एका १६ जीबीच्या पेन ड्राइव्हला जेमतेम, ३२ जीबीचा असेल तर निवांत. एनपीटेलच्या साइटवरून व्हिडिओ थेट उतरवता येतात. खानापूरला किंवा बेळगावला कॉलेजच्या वाय-फायवर आठवड्याचे उतरवून न्या. असाइनमेंटला फार डेटा लागत नाही. प्रश्न कागदावर उतरवून घ्या, घरी सोडवा, रेंज येते त्या माळावर दहा मिनिटांत उत्तरे भरा.

घरी डीडी फ्री डिशची ताटली असेल तर स्वयंप्रभाचे चॅनल इंटरनेटशिवाय दिसतात. रोज किमान चार तासांचा नवा कार्यक्रम आणि तोच दिवसभरात पुन्हा पाच वेळा, म्हणून सकाळी धारा काढायच्या वेळेला हुकला तर संध्याकाळी सापडतो. असाइनमेंट मात्र त्यावर नाहीत, विषय कानावर पडायला उत्तम.

शहापूर पेठ

परदेशी युनिव्हर्सिटीच्या कोर्सचे नियम झपाट्याने बदलतात, जुन्या यूट्यूब व्हिडिओंवर विसंबू नका. कोर्सेरा २०१२ साली स्टॅनफर्डच्या दोन प्राध्यापकांनी काढले, तेव्हा बहुतेक कोर्स फुकट बघता येत. आता अनेक ठिकाणी पहिला भाग तेवढा फुकट. सात दिवसांच्या ट्रायलला कार्ड मागतात. कार्ड दिले आणि वेळेत रद्द केले नाही की पैसे कापले जातात. पैसे नसतील तर फायनान्शिअल एडचा अर्ज करा. उत्पन्न, शिक्षण, आणि हा कोर्स कशाला हवा यावर इंग्रजीत चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्या लागतात, उत्तराला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून कोर्स हवा त्याच्या पंधरा दिवस आधी अर्ज टाका. एडएक्सवर अजूनही पुष्कळ कोर्स फुकट बघता येतात, पण ठरावीक मुदतीपुरतेच, आणि सर्टिफिकेटला पैसे.

खरोखर फुकट आणि खरोखर कसदार असे मोजकेच सांगतो. हार्वर्डचा सीएस५०. एडएक्सवरचे सर्टिफिकेट पैशाचे आहे, पण हार्वर्डच्या स्वतःच्या सीएस५० च्या साइटवरून केला तर सर्टिफिकेट फुकट मिळते. प्रत्येक प्रॉब्लेम सेटला किमान ७० टक्के आणि शेवटी स्वतःचा एक प्रोजेक्ट. सुरुवात स्क्रॅचने, मग पाच आठवडे सी, नंतर पायथन, एसक्यूएल, वेबसाइट. कोड ब्राउझरमध्येच लिहायचा असतो, त्यामुळे ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही चालतो. पोरे गळतात ती सी च्या चौथ्या आठवड्यात, पॉइंटर आले की. तिथे कागदावर मेमरीचे चौकोन काढून, प्रत्येक ओळीनंतर कुठल्या चौकोनात काय बसले ते लिहीत जा. तो एक आठवडा दोन आठवडे चालू दे, बिघडत नाही.

दुसरा, हेलसिंकी विद्यापीठाचा पायथनचा मूक (MOOC, सगळ्यांना खुला ऑनलाइन कोर्स). व्हिडिओ कमी, वाचन आणि लहान-लहान सराव शेकड्यांनी. इंग्रजी ऐकताना अडखळणाऱ्याला वाचून शिकणे सोपे जाते, म्हणून आपल्याकडच्या पोरांना हा मी आधी सुचवेन. तिसरे, एमआयटीचे ओपन कोर्सवेअर. तिथे सर्टिफिकेट मिळतच नाही, गणित मात्र तिथल्यासारखे दुसरीकडे सापडत नाही.

उद्यमबाग

सॉफ्टवेअरबद्दल पुष्कळ झाले. मशीन शॉप, फाउंड्री, हायड्रॉलिक्सच्या पोरांसाठी लिहितो, कारण बेळगावचे पोट या धंद्यावर भरते.

क्वालिटी, मेट्रॉलॉजी, सिक्स सिग्मा यावर एनपीटेलला चांगले कोर्स आहेत. खरं इंटरव्ह्यूला सर्टिफिकेट टेबलावर ठेवले तर समोरचा मॅनेजर ते बाजूला सारून विचारतो, "यातले काय केलंस?" त्याला दाखवायला एक कागद तयार असला पाहिजे. तो असा करावा.

सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) चालू असलेला एक जॉब धरा. समजा २५ मिमीचा व्यास, टॉलरन्स (चालणारा फरक) अधिक-उणे ०.०५. सुपरवायझरची परवानगी घेऊन दर तासाला लागोपाठ निघालेले ५ पीस मायक्रोमीटरने मोजा. असे २५ वेळा. प्रत्येक पाचाची सरासरी आणि रेंज, म्हणजे सर्वात मोठा उणे सर्वात लहान, लिहा. समजा सगळ्यांची सरासरी २५.०१ आली आणि सरासरी रेंज ०.०४. पाचाच्या सॅम्पलला कंट्रोल चार्टचा ठरलेला गुणक ०.५७७. ०.५७७ गुणिले ०.०४ म्हणजे ०.०२३. वरची रेषा २५.०३३, खालची २४.९८७. रेंजची वरची रेषा २.११४ गुणिले ०.०४, म्हणजे ०.०८५.

आता सिग्मा, म्हणजे मापांच्या पसाऱ्याचे माप: ०.०४ भागिले २.३२६, म्हणजे ०.०१७२. सीपी (टॉलरन्सची पूर्ण रुंदी भागिले सहा सिग्मा) निघतो ०.९७ आणि सीपीके (सरासरीपासून जवळच्या मर्यादेचे अंतर भागिले तीन सिग्मा) ०.७८. याचा अर्थ मॅनेजरला सांगता आला पाहिजे. ऑफसेट (मशीनमधली टूलच्या जागेची दुरुस्ती) ०.०१ ने सरकवून सरासरी बरोबर २५ वर आणली तरी सीपीके ०.९७ च्या वर जात नाही, आणि ग्राहक बहुधा १.३३ मागतो. म्हणजे दोष ऑफसेटचा नाही, पसाऱ्याचा आहे. इन्सर्टची झीज, चक जॉ, बारची ओढ, स्पिंडल गरम होणे, तिकडे बघायचे. एवढे एका पानावर मांडणारे पोर सर्टिफिकेट नसले तरी उठून दिसते.

चूक कुठे होते: पॉइंट रेषेबाहेर गेलेले असताना, म्हणजे प्रोसेस स्थिर नसताना, सीपीके काढतात. त्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. आधी चार्ट स्थिर, मग सीपीके. दुसरी चूक, ५ पीस दिवसभरातून वेचून घेतात. ते लागोपाठचेच हवेत, नाहीतर तासागणिक होणारा बदल रेंजमध्ये मिसळतो आणि रेषा फुगतात.

फाउंड्रीवाल्यांनी असाच महिन्याचा रिजेक्शनचा हिशेब ठेवावा: ब्लोहोल, सँड इन्क्लूजन, मिसरन, श्रिंकेज, प्रत्येकाचे नग. उतरत्या क्रमाने मांडले की बहुधा दोन दोषांतच बहुतांश रिजेक्शन सापडते. ब्लोहोल वर असेल तर वाळूतला ओलावा आणि परमिॲबिलिटीच्या (वाळूतून वायू निघून जाण्याच्या क्षमतेच्या) नोंदी त्याच तारखांच्या शेजारी लावा. कोर्समधले लेक्चर त्या क्षणी कळते, त्याआधी ते नुसते ऐकलेले असते.

हिंडलगा

हा प्रतिसाद प्रिंट काढून आयटीआयच्या बोर्डावर लावावा असा आहे. सरकारी नोकरीला यातले काही धरतात का?

टिळकवाडी

भरतीच्या जाहिरातीत जी पात्रता लिहिलेली असते, पदवी, डिप्लोमा, तेवढीच धरतात. एनपीटेलचे सर्टिफिकेट जोडल्याने गुणवत्ता यादीत मार्क वाढत नाहीत, तसे कुणी सांगून फॉर्म भरून घेत असेल तर सावध राहा. विषय शिकायला मात्र उपयोग आहे. गेटच्या (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या) तयारीला एनपीटेलची लेक्चर वर्षानुवर्षे वापरली जातात. खासगी कंपनीत बायोडेटात कोर्सचे नाव, संस्था, मिळालेले मार्क आणि त्याखाली "यातून हे केले" अशी एक ओळ लिहा. आठ सर्टिफिकेटांची यादी लावू नका, एकावरही नीट बोलता आले नाही तर आठही पोकळ ठरतात.

घटप्रभा

बीकॉम-बीएच्या मुलींसाठी एक जोडते. सीईसीच्या कोर्सची परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते, असाइनमेंटला ३० आणि परीक्षेला ७०, दोन्हीत वेगवेगळे ४० टक्के हवेत. फॉर्मच्या तारखा एनपीटेलहून वेगळ्या असतात, एकीचे बघून दुसरीने भरायला जाऊ नये. अकाउंटिंगचा कोर्स करत असाल तर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये एका किराणा दुकानाची महिनाभराची खरेदी-विक्री उतरवून, जीएसटीचे रकाने पाडून, ताळेबंद जुळवून दाखवा. जुळला नाही तर फरक ९ ने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५४ चे ४५.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न. पहिल्या वर्षाचे पोर आहे, मराठी माध्यमातले, हातात मोबाईलच आहे, लॅपटॉप नाही. येत्या जानेवारीला त्याने काय धरावे?

राकसकोप

एकच कोर्स, ८ आठवड्यांचा, कॉलेजात चालू असलेल्याच विषयाचा. आठवड्याला पाच तास: अडीच तास लेक्चर, दीड तास वही, एक तास असाइनमेंट. पहिल्या सत्रात परीक्षेची फी भरायची घाई नको. फॉर्मची मुदत संपण्याआधी जेवढ्या असाइनमेंट झाल्या असतील त्यांची सरासरी बघा, स्वतः सोडवून ६० च्या वर असेल तर फी भरा, नसेल तर कोर्स पुरा करा आणि फी वाचवा. असाइनमेंट मोबाईलवर भरता येतात, पण आडवा धरून भरा. उभ्या स्क्रीनवर चौथा पर्याय खाली लपतो आणि तिसऱ्यावरच टिक मारून पोरे मोकळी होतात.

घटप्रभा

आणि प्रोग्रॅमिंगचा कोर्स मोबाईलवर घेऊ नये. त्यासाठी कॉलेजच्या लॅबमध्ये रोज एक तास मिळतो का ते आधी विचारावे. डिसेंबरातच विचारा, जानेवारीत सगळ्यांना तोच तास हवा असतो.